चारशे बारा नाणी आणि एक ओटा

राग आवरावा, राग गिळावा, राग आला की मनात दहापर्यंत आकडे मोजावेत, असं बरंच काही थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. हे थोरमोठे कधी बँकेच्या रांगेत उभे राहिले नसावेत असा माझा संशय आहे. मी रागावलेलो आहे. ही हकिकत सांगतानाही रागावलेलोच आहे, तेव्हा मध्येच आवाज चढला तर कोणी मनाला लावून घेऊ नये.

एकतीस वर्षं मी पाणीपट्टी भरण्याच्या खिडकीत बसलो. लोक बिल भरायला येत, नोटा आणि चिल्लर सरकवत, आणि त्या चिल्लरीत एखादं वेगळं नाणं दिसलं की मी खिशातलं साधं नाणं गल्ल्यात टाकून ते वेगळं उचलून घेत असे. गल्ल्यात एका पैशाचाही फरक पडला नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. अशी चारशे बारा नाणी जमली. कुठल्याही दोनांचं चित्र सारखं नाही. ऑफिसात मला चिल्लरभाऊ म्हणत. लोक हे माझ्या पाठीमागे म्हणतात अशी माझी समजूत होती. निरोपसमारंभात मोठ्या साहेबांनी माईकवरून 'आपले चिल्लरभाऊ' अशीच सुरुवात केली, तेव्हा तेच माझं अधिकृत नाव होतं असं कळलं.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी ती नाणी घेऊन एका नाणेतज्ज्ञाकडे गेलो. हा माणूस जुनी नाणी विकत घेतो आणि विकतो, डोळ्याला भिंग लावतो, आणि समोरच्याला बसायला सांगत नाही. त्याने माझे सात अल्बम चार मिनिटांत उलटले. एकतीस वर्षांना चार मिनिटं! मग त्याने भिंग काढलं.

"ही नाणी घासता का हो तुम्ही?"

"दर वर्षी," मी अभिमानाने म्हणालो. "टूथपेस्ट, वर लिंबाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश. शेवटी धुतलेलं सुती फडकं. एकही नाणं तुम्हाला काळं दिसणार नाही."

"तेच तर झालंय ना," तो म्हणाला. "अहो, नाण्यावर तो काळपट थर चढतो, त्याचेच तर आम्ही पैसे देतो. तुम्ही तो दर वर्षी धुऊन मोरीत सोडलात. आता यांची किंमत जेवढी छापलीय तेवढीच. पाचाच्या नाण्याचे पाच."

एवढं बोलून त्याने अल्बम माझ्याकडे सरकवले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एखाद्याने आयुष्यभर स्वच्छता पाळली तर त्याला शाबासकी द्यावी की शिक्षा? गबाळ्या माणसाची नाणी लाखाची आणि नीटनेटक्या माणसाची पाचाला पाच, हा कुठला न्याय? हे सगळं मी त्याला सुनावणार होतो. पण मला ते सुचलं तेव्हा मी त्याच्या दुकानापासून दोन रस्ते लांब आलो होतो.

आता इथे ओट्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या स्वयंपाकघरातला ओटा आमच्या आधीच्या मालकाने बांधला. त्याच्या घरातली माणसं बुटकी असावीत, किंवा त्याने वीट वाचवली असावी. तो ओटा माझ्या मांडीला लागतो. माझी बायको उंच आहे. सव्वीस वर्षं ती त्या ओट्यावर वाकून चिरते, मळते, ढवळते आणि भांडी घासते. घरात आलो त्याच वर्षी मी तिला म्हणालो होतो, "जरा थांब. नाणी विकली की ओटा उंच करून घेऊ." पहिली दोनचार वर्षं मी हे मनापासून म्हणत होतो. पुढे पुढे लोक 'एकदा निवांत बसू' म्हणतात तसं म्हणू लागलो. तिची कंबर धरू लागली, मग रोजच धरू लागली. डॉक्टर म्हणाले, वाकणं कमी करा. तिने विचारलं, "मग स्वयंपाक कोण करणार?" त्यावर डॉक्टरांनी मलम लिहून दिलं.

तर मी तज्ज्ञाकडून तणतणत घरी आलो, आणि स्वयंपाकघरात गवंडी उभा! हातात टेप, कानावर पेन्सिल. आज नाणी विकली जाणार म्हणून बायकोने त्याला खर्चाचा अंदाज सांगायला बोलावलं होतं.

"किती आले?" तिने विचारलं.

झालेला प्रकार मी सांगितला. गवंड्यासमोर सांगावा लागला, हा आणखी अपमान. बायको म्हणाली, "बरं."

"बरं काय? बरं काय त्यात? तो म्हणतो जेवढी छापलीय तेवढीच! ठीक आहे. तेवढी तर तेवढी. एकेक नाणं बाजारात खर्च करतो की नाही बघ. घासलेली नाणी म्हणे! अरे, ही चलनातली नाणी आहेत, शोभेच्या वस्तू नाहीत!" कालपर्यंत मी याच्या नेमकं उलट बोलत होतो, पण रागावलेल्या माणसाने कालचं लक्षात ठेवू नये. "हे घ्या," मी गवंड्याला म्हणालो, "तुमच्या येण्याजाण्याचे." आणि अल्बममधून दहाची पाच नाणी काढून त्याच्या हातावर ठेवली.

गवंड्याने ती उलटीसुलटी केली. "साहेब, ही चालत नाहीत," तो म्हणाला आणि नाणी ओट्यावर ठेवून निघून गेला.

इथून लढाईला तोंड लागलं.

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो, साबणाची वडी घेतली आणि चार जुनी नाणी पुढे केली. दुकानदार मला ओळखतो. वीस वर्षं तो मला काका म्हणतो आणि वीस वर्षं सुट्ट्या पैशांच्या ऐवजी गोळ्या देतो.

"काका, ही नको. चालत नाहीत."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"सरकार म्हणतं का?"

"सरकार कशाला माझ्याकडे साबण घ्यायला येतंय?" तो म्हणाला. मागच्या गिऱ्हाइकांना हे फार आवडलं. मी साबण तिथेच ठेवला आणि बाहेर पडलो. त्या दिवशी आम्ही भांड्यांच्या साबणाने अंघोळ केली, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

आमच्या वरच्या मजल्यावर एक वकील राहतात. वकिली त्यांनी कधीच सोडली आहे, पण वकिलीने त्यांना सोडलेलं नाही. जिन्यात कोणी शिंकलं तरी ते कलम सांगतात. माझी हकिकत ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. "ही नाणी रद्द झालेली नाहीत," ते म्हणाले. "नाकारणारा गुन्हेगार ठरतो. जो नाकारेल त्याच्याकडून लेखी घ्या. 'मी अमुकअमुक हे नाणं घेण्यास नकार देत आहे', खाली सही, वेळ, तारीख." त्यांनी मला एक मसुदाही करून दिला आणि त्याच्या पंचवीस प्रती काढून आणायला सांगितल्या. प्रती काढणाऱ्याने माझी जुनी नाणी घेतली नाहीत. नकाराच्या कागदावर पहिली सही त्याचीच घ्यायला हवी होती, पण प्रती त्याच्याच ताब्यात होत्या, म्हणून मुकाट्याने नोट दिली.

समोरच्या मावशींनी वेगळाच सल्ला दिला. "काचेच्या बरणीत भरा आणि वर एक मेणबत्ती खोचा. बैठकीत छान दिसतं." मी त्यांना नम्रपणे सांगितलं, की मी न्याय मागतोय, शोभा नाही. त्या म्हणाल्या, "शोभाच होतेय." हे त्या मेणबत्तीबद्दल म्हणाल्या की माझ्याबद्दल, हे मी विचारलं नाही.

मग बस. कंडक्टरला मी दहाचं एक मोठं नाणं दिलं. ते फार सुरेख होतं, कडेने बारीक नक्षी असलेलं. त्याने ते परत केलं. मी नकाराचा कागद काढला. तो म्हणाला, "सही करायला हात मोकळा नाही." हे अगदी खोटं. त्याचा एक हात दांडीला होता आणि दुसऱ्या हाताने तो कान खाजवत होता. मी आवाज चढवला. तेवढ्यात मागचे दोघेतिघे म्हणाले, "बघू, बघू, कसलं नाणं आहे?" आणि नाणं हातोहात मागे गेलं. कोणी म्हणे चांदीचं आहे, कोणी म्हणे माझ्या सासऱ्यांकडे असं पोतंभर होतं. दोन मिनिटांनी मी हात पसरला तर नाणं कोणाकडेच नव्हतं.

"माझं नाणं कुठंय?" मी ओरडलो. खिडकीजवळच्या एका गृहस्थांनी झोपेत असल्यासारखे डोळे मिटून घेतले.

"तिकीट नाही, नाणं नाही," कंडक्टर म्हणाला. "उतरा काका."

मला दोन थांबे आधी उतरवण्यात आलं. चारशे बारांपैकी पहिलं नाणं अशा रीतीने चलनात गेलं, तेही चोराच्या हातून. घरापर्यंत चालत येताना मी इतका संतापलो होतो, की एका उभ्या मोटारीलाही दोन शब्द सुनावले.

"अहो," बायको त्या संध्याकाळी म्हणाली, "तो भिंगवाला कुठे, कंडक्टर कुठे. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललंय तुमचं. सरळ बँकेत भरून टाका ना."

हे मला आधीच का सुचलं नाही, याचा राग मी तिच्यावर काढला, आणि सकाळी बँकेत गेलो.

बँकेत तीन खिडक्या होत्या. पहिलीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने पहिलीकडे, आणि तिसरीवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी होती. सकाळचे साडेदहा वाजले होते. शेवटी आतल्या केबिनमधल्या अधिकारी बाईंनी मला बसायला सांगितलं. या प्रकरणात मला बसायला सांगणारी ती पहिली व्यक्ती, म्हणून मी थोडा विरघळलो.

"नाणी आम्ही घेतो," त्या म्हणाल्या. मला खुर्चीतून उठून नाचावंसं वाटलं. "फक्त शंभराशंभरची पाकिटं करून आणा. एका पाकिटात एकाच प्रकारची. तोच आकार, तेच चित्र. सुटी घेता येत नाहीत."

"मॅडम, माझ्याकडे कुठल्याच चित्राची दोन नाणी नाहीत."

"का?"

एका अक्षराचा प्रश्न! माझी एकतीस वर्षं त्या अक्षरात मावली. मी सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मग आणखी जमवा. शंभर झाली की या."

मी बाहेरच्या बाकावर बसून हिशोब केला. बसमधलं गेलं, राहिली चारशे अकरा. प्रत्येकाला आणखी नव्व्याण्णव भावंडं. एकूण चाळीस हजार सहाशे एकोणनव्वद. म्हणजे आहे तो संग्रह मोडण्यासाठी मला त्याच्या शंभरपट संग्रह करायचा होता. शहाण्या माणसाने इथे समोरच्या मावशींची मेणबत्ती आठवून घर गाठलं असतं. मी मात्र पुठ्ठा आणि जाड पेन विकत घेतलं.

दारावर पाटी लावली: 'जुनी, न चालणारी नाणी येथे पूर्ण किमतीत घेतली जातील.' वकील खाली आले. म्हणाले, "'न चालणारी' लिहिलंत तर तुम्हीच दावा सोडल्यासारखं होईल. कायद्याने ती चालतात." म्हणून नवा पुठ्ठा आणून लिहिलं: 'चालणारी, परंतु कोणीही न घेणारी नाणी येथे घेतली जातील.' हे व्याकरणात बसत नाही असं मावशी म्हणाल्या. पण वकिलांपुढे व्याकरणाचं काय चालणार!

अर्ध्या तासात पहिलं गिऱ्हाईक आलं. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार! दोन्ही हातांत तेलाचे डबे, गळ्यापर्यंत नाण्यांनी भरलेले.

"अकराशे आहेत काका. मोजून घ्या."

"अरे लबाडा," मी म्हणालो, "माझी चार नाणी तुला नको होती, आणि तुझ्याकडे अकराशे?"

"म्हणून तर नको होती," तो म्हणाला.

त्यानंतर रीघ लागली. वाहनतळावरचा पावत्या फाडणारा आला. वजनकाट्यावर बसणारा आला. कपडे इस्त्री करणाऱ्याने कपड्यांच्या गाठोड्यात नाणी आणली. कंडक्टरसुद्धा आला. सुट्टीच्या दिवशी, साध्या कपड्यांत, एक जड पिशवी घेऊन, आणि या वेळी त्याचे दोन्ही हात सही करायला मोकळे होते. गावभर कोणाच्या तरी गळ्यात पडलेली सगळी नाणी माझ्या दारात येऊन पडू लागली. मी नोटा देत होतो आणि नाणी घेत होतो. पाच दिवसांत महिन्याचं निवृत्तिवेतन संपलं.

बायकोच्या कपाटात एक पत्र्याचा डबा होता. त्यात गवंड्याला द्यायची आगाऊ रक्कम होती. ती तिने घरखर्चातून थोडीथोडी बाजूला टाकली होती, कित्येक वर्षं. माझ्या नाण्यांवर तिचा विश्वास नव्हता, हे मला तो डबा बघून कळलं, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही मला त्याचा रागच आला.

"आठवड्यात परत देतो," मी म्हणालो. "बँकेत भरले की लगेच. तेवढेच्या तेवढे."

"आठवड्यात?"

"आठवड्यात."

"बरं," ती म्हणाली आणि डबा माझ्यापुढे ठेवला. तिच्या 'बरं'चा अर्थ मी सव्वीस वर्षं होकार असाच करत आलो आहे.

त्या डब्याच्या बदल्यात नाणी आली. मी बैठकीत चादर पसरून बसायचो आणि चित्रांप्रमाणे ढीग लावायचो. सकाळी चहा झाला की बसायचो तो दिवे लागेपर्यंत. नाणी मळकट होती. घासायला हात शिवशिवत होते, पण बायकोने टूथपेस्ट कुलपात ठेवली होती आणि सकाळी ब्रशवर मोजून लावून द्यायची. साडेसहा हजार नाणी झाली. त्यांतल्या साताठ प्रकारांची शंभराशंभरची पाकिटं नीट लागली, बाकीचे ढीग कुठे ऐंशीवर अडले, कुठे त्र्याण्णववर. माझ्या जुन्या अल्बममधल्या नाण्यांना तर क्वचितच कोणी नातेवाईक भेटला.

लागलेली पाकिटं घेऊन बँकेत गेलो. दारावरच्या पहारेकऱ्याने भिंतीवरचा कागद दाखवला: 'नाणी फक्त महिन्याच्या पहिल्या मंगळवारी स्वीकारली जातील.' पहिला मंगळवार सतरा दिवसांवर होता. हे अधिकारी बाईंनी का सांगितलं नाही म्हणून मी आत जाऊन भांडलो. त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारलं नाहीत." आमचे मोठे साहेब हेच उत्तर द्यायचे, आणि खिडकीत बसून मीही हजारदा दिलं असेल. ते स्वतःला ऐकावं लागलं की कसं लागतं, ते मी अनुभवलं.

आता सतरा दिवस ही नाणी ठेवायची कुठे? पोती झाली चार. बैठकीतलं टेबल एका पायाने अधू. पलंगाखाली वाळवी. जमिनीवर ठेवावीत तर मोरीचं पाणी येतं, आणि ओली झाली तर कागदी पाकिटं फुटतील. मी चारही पोती ओट्यावर नेऊन ठेवली.

"ओट्यावर?" बायको म्हणाली. "मग मी काम कुठे करू?"

"अर्धा मोकळा आहे की. आणि दगड आहे तो, त्याला काय धाड भरलीय!"

सतरा दिवस तिने उरलेल्या अर्ध्या ओट्यावर काम केलं. आधी नुसतं वाकावं लागायचं, आता तिरकं वाकावं लागायचं. दुपारी कंबरेला गरम पाण्याची पिशवी लावून पडायची. मी बैठकीत बसून वकिलांबरोबर तक्रारीचे अर्ज लिहीत होतो. एक बससेवेविरुद्ध, एक बँकेविरुद्ध आणि एक त्या भिंगवाल्याविरुद्ध. भिंगवाल्याचा अर्ज कोणाकडे करायचा हे वकिलांनाही ठरवता येईना, पण मजकूर मात्र जोरदार झाला होता.

सोमवारी दुपारी, म्हणजे मंगळवारच्या आदल्या दिवशी, आम्ही दोघे जिन्यात उभे होतो. 'मानहानी' लिहावं की 'मनस्ताप', यावर आमचा वाद चालला होता. आतून आधी कड्कन् आवाज आला. मग काहीतरी कोसळलं, आणि मग बराच वेळ नाणी घरंगळत राहिली.

मी धावत आत गेलो. ओट्याची फरशी मधोमध तुटून खाली आली होती. पोती फाटली होती, पाकिटं फुटली होती, नाणी मोरीपर्यंत पसरली होती. शेगडी एका तुकड्यावर तिरकी लोंबत होती. मी दारात थांबलो आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "नाणी!"

बायको भिंतीला टेकून उभी होती. तिच्या पायापासून वीतभर अंतरावर फरशीचं टोक पडलं होतं.

"मीही आहे इथे," ती म्हणाली. "विचारलं नाहीत म्हणून सांगते. पाय वाचला."

मी काहीतरी बोलू लागलो. तिने हात वर केला.

"नका बोलू. महिनाभर तुमचंच ऐकतेय. तज्ज्ञाने अपमान केला, कंडक्टरने अपमान केला, बँकेने अपमान केला. तुमच्या नाण्यांची किंमत कमी निघाली म्हणून तुम्ही सगळ्या जगावर ओरडत फिरलात. मी सव्वीस वर्षं या ओट्यापाशी वाकून उभी आहे, मला राग येत नसेल असं वाटतं का तुम्हाला? मला फक्त ओरडायला वेळ नव्हता. मागून कुकर लावायचा असायचा."

वकील जिन्यातून डोकावत होते. ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, "भाऊजी, तुमचा कागद घेऊन वर जा." आयुष्यात पहिल्यांदा वकील एकही कलम न सांगता गेले.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून नाणी गोळा केली. म्हणजे मी केली. ती खुर्चीवर बसून, कपाटाखाली कुठे दिसतायत ते सांगत होती. चित्रं जुळवायला वेळ नव्हता आणि माझ्यात त्राणही नव्हतं. एका किमतीची शंभर दिसली की पाकिटात भरली. ऐंशीवर अडलेले ढीगही त्यात गेले, आणि अडल्यानडल्या जागी माझी अल्बममधली नाणीही गेली. एकतीस वर्षं वेगवेगळ्या खिशात बसलेली ती चकचकीत नाणी मळक्यांत मिसळली, आणि मी ते बघत बसलो नाही.

मंगळवारी बँकेत सगळं प्रकरण अकरा मिनिटांत आटोपलं. रोखपालाने एकही पाकीट उघडलं नाही. काट्यावर ठेवायचा, आकडा बघायचा, टोपलीत टाकायचा.

"चित्रं एकसारखी आहेत का, बघत नाही तुम्ही?" मी विचारलं. मी विचारायला नको होतं, पण राहवलं नाही.

"इतका वेळ कोणाला आहे? वजन भरलं की झालं." मग त्याने चार पाकिटं बाजूला काढली. "ही हलकी भरतायत. नाणी झिजलीत. प्रत्येकात एकदोन वरून टाका."

ती चारही पाकिटं मला लांबूनही ओळखू आली असती. त्यांतच माझी सगळ्यांत जास्त नाणी होती, आणि ती कशाने झिजली हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. तज्ज्ञ म्हणाला होता, जेवढी छापलीय तेवढीच किंमत. तेवढीही नव्हती. मी खिशातली नवी नाणी काढून त्या पाकिटांत टाकली, पावती घेतली आणि कोणाशीही न भांडता बाहेर आलो. पैसे थेट डब्यात नेऊन ठेवले. आठवड्याऐवजी चौथ्या आठवड्यात.

बुधवारी गवंडी आला. तुटलेल्या फरशीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "चला, तोडायची मजुरी वाचली." मग त्याने टेप काढली. "वहिनी, या इकडे. भिंतीला पाठ लावून उभ्या राहा. कोपराच्या चार बोटं खाली ओटा धरतो मी, म्हणजे वाकायला नको."

बायको येऊन उभी राहिली. किती वर्षांनी तिला कोणीतरी विचारत होतं, तुला किती उंच हवा. तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. तिने केस मागे केले, पदर खोचला आणि हात कोपरात दुमडला.

गवंड्याने टेप लावली आणि तो थांबला. "सरळ उभ्या राहा वहिनी."

"उभीच आहे की," ती म्हणाली.

गवंड्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि भिंतीवर खूण केली. जुन्या ओट्याची कड जिथे होती तिथला पांढरट पट्टा भिंतीवर अजून होता. नवी खूण त्याच्यापेक्षा जेमतेम दोन बोटं वर होती.

"चुकतंय तुझं," मी म्हणालो. "माप चुकतंय! टेप नीट धर. उंच आहे ती, चांगली उंच आहे, माझ्या कानाला लागायची! दोन बोटांसाठी एवढा खर्च करतोय का मी? कुठून शिकलास काम? पुन्हा घे!"

"अहो, त्याच्यावर कशाला ओरडताय?" ती म्हणाली. "घेऊ दे त्याला पुन्हा. उभी आहे मी."

गवंड्याने पुन्हा टेप लावली. खूण त्याच जागी आली.